बोयाचं सुतक

आमच्या रापणीत बोयालाही एक वाटा होता. शहरातल्या माणसांना हे सांगितलं की ती हसतात, आणि हसावं तर खुशाल हसावं. पण मग पुढचं ऐकून घ्यावं, अर्ध्यावर उठून जाऊ नये.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याचं एक टोक वाळूत धरून ठेवायचं, होडीने अर्धा फेरा मारून दुसरं टोक किनाऱ्याला आणायचं आणि मग सगळ्या वाड्याने मिळून दोन्हीकडचे दोर ओढायचे. दोराला हात लावील त्याला वाटा. होडीला वाटा, जाळ्याला वाटा, देवाला वाटा, आणि ज्या घरात ओढणारं कुणी उरलं नाही त्या घरालाही वाटा. आमच्या गावात, करंजवेळेला, हे कधीपासून चालू आहे ते कुणालाच ठाऊक नाही. सागरी महामार्गावरून बिनड्रायव्हरचे ट्रक धावायला लागले, होड्यांना बॅटरीची यंत्रं बसली, तरी वाळूवर माशांचे ढीग घालायची रीत जशीच्या तशी राहिली.

बोया आला तो सागर संशोधन केंद्राकडून. पिवळा, पिंपाएवढा, डोक्यावर सौरपट्ट्या, समुद्रात नांगरून तरंगत ठेवलेलं मोजणीचं यंत्र. मी बीएस्सी झालेली, नवरा मालवाहू जहाजावर, घरी मी आणि माझे सासरे. केंद्राच्या डॉ. कस्तुरे मॅडमनी मला बोयाची राखणदार नेमलं. आठवड्यातून एकदा होडीने जायचं, त्याच्या अंगावरचं शेवाळ खरवडायचं, गाळणी बदलायची आणि बाकी वेळ तो मोबाइलवर काय सांगतो ते लोकांना समजेल अशा भाषेत सांगायचं.

तो सांगायचा ते मात्र जादूसारखं होतं. मासा पाण्यातून जाताना स्वतःचं काहीतरी मागे सोडत जातो. खवल्याचा कण, अंगाचा बुळबुळीतपणा, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याची जात लिहिलेली असते. बोया दर तासाला पाणी गाळून ते लिखाण वाचायचा. बांगडा आहे की तारली, थोडा आहे की पुष्कळ, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, आहेत की नाहीत. त्याला पाण्यातला प्राणवायू आणि तापमान जोडायचा, आणि केंद्राचा संगणक पुढच्या दिवसांत मासा कुठे सरकेल त्याचा अंदाज द्यायचा.

पहिल्याच हंगामात त्याच्या शब्दावर टाकलेली रापण बरी भरली. वाळूवर ढीग घालताना माझे सासरे, म्हणजे रापणीचे म्होरके, तांडेल गंगाराम टिकम, ज्यांना सगळा वाडा तात्या म्हणतो, एकदम थांबले.

"वास काढूचा काम ह्येनी केल्यान, आणि ह्येकाच वाटो नाय?" त्यांनी समुद्रातल्या पिवळ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

ढीग घालायचं काम सत्यवान कोयंड्याचं. त्याचं माप कुणाकडेच झुकत नाही, म्हणून ते काम त्याच्याकडे. तो म्हणाला, "तेनी दोराक हात खंय लावल्यान?"

"हात नाय, पण नाक लावल्यान मा?"

लोक हसले आणि सत्यवानने तोंड वाकडं करून एक ढीग जास्तीचा घातला. तेव्हापासून दर खेपेला तो ढीग पडायचा. राखणदार म्हणून तो मी घरी न्यायचे आणि तळून खायचे. बोयाने कधी तक्रार केली नाही.

आता या यंत्राची दुसरी बाजू. ती लक्षात यायला मला काही वर्षं लागली. पूर्वी तात्या खडपावर उभे राहून पाण्याचा रंग बघायचे, पक्षी बघायचे, आणि दहादा चुकायचे. त्या चुकांमध्ये मासा निसटायचा, वाढायचा, अंडी घालायचा. थोडक्यात, तो आमच्या अज्ञानावर जगत होता. बोया आल्यावर आमचं अज्ञान संपलं आणि लपायची जागाही संपली. शिवाय अंदाज बाजारालाही कळायचा. बोयाने मासा म्हटलं की जाळं भिजायच्या आधी ट्रक येऊन रस्त्यावर उभे. रापणी दरवर्षी हलक्या होत गेल्या. समुद्रही पूर्वीचा राहिला नव्हता. एका वर्षी पाणी इतकं तापायचं की तारली कारवारच्याही खाली निघून जायची, दुसऱ्या वर्षी नुसत्या जेलीफिशने जाळं फाटायचं. पावसाळा पुढे सरकला तसा बांगड्याचा गाभोळीचा काळही पुढे सरकला, पार रापणीच्या हंगामात येऊन बसला.

तात्यांचे गुडघे गेले होते. तो हंगाम शेवटचा, असं त्यांनीच ठरवलं होतं. "एक रापण भरलेली बघतंय आणि दोर खाली ठेवतंय," असं ते गणपतीपासून म्हणत होते. भरलेली म्हणजे कशी ते सांगायला लागले की त्यांचे दोन्ही हात आपोआप दोर ओढायला लागायचे. मला त्यांची फार दया यायची. ती बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी त्यांच्या ताटात एक तुकडी जास्त वाढायचे.

दसऱ्याच्या आधीच्या त्या सकाळी मोबाइल वाजायचा थांबेना. मॅडमचा फोन होता.

"मनाली, पाणी बघितलंस?"

"बघतेय. प्राणवायू जवळजवळ शून्यावर आलाय. खालून वरपर्यंत."

"यंदा सुमात्राकडचा समुद्र जास्त तापलाय, ते मी तुला सांगितलं होतं. असं झालं की श्रीलंकेच्या अंगाने वारे बदलतात आणि त्यांचा धक्का पाण्याच्या पोटातून किनाऱ्याकिनाऱ्याने आपल्यापर्यंत येतो. खोलातलं थंड, शिळं पाणी वर चढतं. त्यात मासा श्वास घेऊ शकत नाही."

"मग मासा जातो कुठे?"

"जिथे लाटा फुटतात तिथे. तिथेच तेवढी हवा मिसळते. म्हणजे तुमच्या वाळूला खेटून. इतक्या जवळून हे अजून कुणी मोजलेलं नाही. एका मिनिटाचीही नोंद चुकवू नकोस. माझी इतक्या वर्षांची मेहनत या दोन-तीन दिवसांवर आहे."

मी धावत किनाऱ्यावर गेले. खेकडे पाण्यातून बाहेर येऊन वाळूवर चालत होते. लेपे मासे घोट्याएवढ्या पाण्यात पडून राहिले होते. हवेत कुजक्या अंड्यांचा हलका वास होता. आणि लाटांच्या आत, गुडघाभर पाण्यात, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांगडाच बांगडा. पाणी दिसत नव्हतं, पाठी दिसत होत्या.

तात्या आधीच पाण्यात उभे होते. त्यांनी वाकून नुसत्या हाताने एक बांगडा उचलला. तो तडफडलासुद्धा नाही. त्यांनी अंगठ्याने त्याचं पोट चाचपलं.

"गाभोळी आसा," ते म्हणाले. "हे चरूक नाय इलेत गो. पळान इलेत. आपल्या दारात इलेत."

मी मोबाइलवरचे आकडे त्यांना समजावले. हा काही एक थवा नव्हता. आजूबाजूच्या सगळ्या किनाऱ्यावरचा अंडी घालणारा बांगडा या पट्टीत येऊन अडकला होता. मोठी जहाजं इतक्या उथळ पाण्यात येऊ शकत नाहीत. त्याला हात घालू शकेल अशी एकच गोष्ट होती, आमची रापण. संगणकाच्या मते दोन-तीन दिवसांत वारा फिरायची शक्यता दहात सात होती. वारा फिरला की शिळं पाणी खाली बसेल आणि मासा सुटेल. नाही फिरला तर इथेच गुदमरून मरेल.

तात्यांनी बांगडा परत पाण्यात सोडला. तो थोडा वेळ आडवा तरंगला, मग सावरून आत गेला.

तोवर रस्त्यावर ट्रक येऊन उभे राहिले होते. आत माणूस नाही, नुसती थंड हवा सोडत ओळीने उभे. त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

जाळं ठेवायच्या मांगरात सगळा वाडा जमला. इतकी खूश माणसं मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मी बोलायला उभी राहिले तेव्हा मला माझीच लाज वाटली. लग्नाच्या पंगतीत वाईट बातमी घेऊन आल्यासारखं झालं.

"आज ह्यो ओढलो, तर फुडली कितीतरी वर्सां ओढूक काय उराचा नाय," मी म्हटलं.

सत्यवान उठला. "आणि नाय ओढलो तर जगतलो?"

"दहातले सात वेळा जगतलो."

"आणि तीन वेळा कुसतलो. हयच, आमच्या पायाकडे." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "इतकी वर्सां दर्याक हात जोडलव. आता दर्यान ताट वाढून ठेवल्यान तर उपाशी उठूचा? माझो झिल, पोटचो पोर, पणजेक हॉटेलात लोकांची उष्टी ताटां उचलता. भरलेली रापण बघल्यान तर तो परत येतलो. ह्या तुझ्या बोयाक म्हायत आसा?"

बोयाला माहीत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि मी तरी त्याला काय देत होते? दहात सात.

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. जाळं टाकायचा शब्द तांडेलाचा. तात्या भिंतीला टेकून गुडघा चोळत होते.

"सांजेच्या भरतीक बघूया," एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. पडवीत बसून समुद्राकडे बघत राहिले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझो बोयो कसो मरता गो?"

"मरता म्हणजे?"

"म्हणजे पुरतो बंद पडता."

"आतली चावी फिरवून बॅटरी काढली, तर."

त्यांनी मान हलवली. ते कुठे चालले आहेत हे मला कळलं. आमच्या रापणीची एक रीत आहे. वाटेकरी गेला की तीन दिवस जाळं पाण्याला लावायचं नाही. मग तो कोण होता, कसा होता, भांडखोर होता की दारुडा, ते बघायचं नाही. वाटेकरी होता एवढं पुरे. आणि वर्ष होईपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी जातो.

"तात्या, लोक हसतले."

"हसांदेत. हसतत तवसर दोर ओढूचे नाय."

"पण तुमका भरलेली रापण बघूची होती मा?"

त्यांनी हनुवटीने समोर खूण केली. भरतीच्या लाटेत बांगड्यांच्या पाठी चमकत होत्या. "बघतंय मा. ही काय, समोर आसा."

तांडेलाने नुसतं नाही म्हणून चाललं असतं का? नसतं. त्यांचा शब्द मासा कधी आणि कुठे याबद्दल चालायचा. वाढलेल्या ताटावरून माणसं उठवायला त्यांच्या शब्दात तेवढं बळ नव्हतं. रीतीत मात्र होतं.

राहिली मी. बोया बंद करणं म्हणजे मॅडमना फसवणं. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, मला काम दिलं होतं, समुद्र वाचायला शिकवलं होतं. ही नोंद गेली की पुन्हा मिळणार नव्हती. आणि मासा वाचला की मेला, हेही मग कधीच कळणार नव्हतं. ज्या ज्ञानासाठी मी ती सगळी वर्षं शेवाळ खरवडलं, तेच ऐन वेळी माझ्या हाताने विझवायचं होतं. मला रडू आलं. तात्यांनी ते पाहिलं आणि होडीचं वल्हं घ्यायला उठले.

आम्ही दोघंच गेलो. बोया संथ डुलत होता. झाकण उघडून मी चावी फिरवली, बॅटरी काढून मांडीवर घेतली. डोक्यावरचा हिरवा दिवा विझला. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला हसू आलं नाही.

परत आलो तेव्हा रस्त्यावरचे ट्रक एकेक करून वळून निघाले होते. अंदाज थांबला, तसं त्यांचं कामही संपलं. लोक वाळूवर दोर मांडून तयार होते.

"बोयो गेलो," तात्या म्हणाले. "आमच्या दोराचो वाटेकरी होतो. तीन दिस रापण सुकी रवतली."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सगळे हसले. सत्यवान मात्र हसला नाही.

"यंत्राचा सुतक? तात्यांनू, गंमत करतास?"

"वाटो देताना यंत्र नाय होता?"

"मी तेवाच बोललेलंय."

"बोललस. आणि मगे दर खेपेक तेचो ढीग तूच घातलस." तात्या वाळूत बसले, कारण गुडघे उभं राहू देत नव्हते. "मी सांगतंय म्हणान ऐकू नको. दोर तुझ्या हातात आसा, ओढ. पण आज ह्येच्या वेळेक रीत मोडलस, तर फाल्या माझ्या वेळेक मोडतले. मगे तुझ्या वेळेक, सत्या."

हसणं थांबलं. प्रत्येक घरातून कधी ना कधी कुणीतरी गेलं होतं, आणि त्या तीन दिवसांत सुकी राहिलेली रापण प्रत्येकाने पाहिली होती. सत्यवानच्या बायकोच्या वेळी तर समोर तारली असतानाही कुणी होडी लोटली नव्हती. सत्यवानने हातातला दोर खाली टाकला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

ते तीन दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. माणसं सकाळपासून वाळूवर बसून माशांकडे बघायची. दर ओहोटीला काठावर मेलेल्या बांगड्यांची एक पांढरी रेघ उमटायची, आणि ती रोज रुंद होत होती. सत्यवान त्या रेघेतून चालत जायचा, एखादा मासा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मोबाइलवर मॅडमचे फोन येऊन गेलेले दिसायचे. दहातल्या त्या तीन वेळांपैकी ही एक असेल तर या माणसांना तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तात्या पडवीतून हलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. आधी वास गेला. मग लाटांचा रंग बदलला. संध्याकाळी मी पाण्यात शिरले तर पायाला नुसती वाळू लागली. बांगडा निघून गेला होता. किती जगला, किती खोलात जाऊन मेला, कोण सांगणार? सांगणारा समुद्रात बॅटरीविना डुलत होता.

डॉ. कस्तुरे स्वतः आल्या. मी सगळं खरं सांगितलं. त्या आमच्या पडवीत हातात चहा धरून बसल्या होत्या.

"तू चूक केलीस असं म्हणायला माझ्याकडे आकडे नाहीत," त्या म्हणाल्या. "बरोबर केलंस म्हणायलाही नाहीत. ते असते तर ते तुझ्याच बोयाकडे असते."

बोया ट्रकवर चढला आणि दुसऱ्या गावी गेला. माझं काम गेलं. तात्यांनी ठरल्याप्रमाणे दोर खाली ठेवला, आणि तांडेलकी सत्यवानकडे गेली. तो हंगाम यथातथाच गेला. पण जेव्हा जेव्हा रापण ओढली, मग ती टोपलीभर का असेना, बोयाचा ढीग पडला. वर्ष होईपर्यंत घरी वाटा द्यायचा, आणि त्याचं घर म्हणजे मी. सत्यवान तो स्वतः घालायचा. चेहरा असा, की जणू दात काढून घेतोय कुणी. पण एकदाही चुकला नाही.

तात्या पुढच्या भाद्रपदात गेले, अनंत चतुर्दशी होऊन थोडेच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी पडवीत बसून ते म्हणाले होते, "वारो बरो आसा गो आज." पहाटे उठवायला गेले तर उठले नाहीत.

त्यांना खांद्यावर घेऊन माणसं किनाऱ्याच्या वाटेला लागली आणि पुढचा माणूस थांबला. मागचेही थांबले. समोरचं पाणी माशांनी काळंभोर झालं होतं. पक्षी कोसळत होते. बांगडा उड्या मारत होता. यंदाचं पाणी स्वच्छ होतं, हा पळून आलेला नव्हता, चरायला आलेला होता. असा उड्या मारणारा इतका बांगडा माझ्या लग्नानंतर मी पाहिला नव्हता. हा त्याच माशांच्या पोटचा होता का? मी शपथेवर सांगू शकत नाही. नोंद नाही. ती मीच बंद केली होती.

खांदा बदलला आणि माणसं पुढे चालू लागली.

तीन दिवस मासा समोर होता आणि तीन दिवस आमची होडी वाळूवर पालथी होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची होडी जाळं घेऊन आमच्या पाण्यात शिरली. सत्यवान कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"आमच्या वाड्यात सुतक आसा."

होडीवरचा माणूस म्हणाला, "मासो सुतक पाळता?"

"मासो नाय. आमी पाळतव."

होडी परत गेली. चौथ्या दिवशी सकाळी रापण पडली. मर्तिकाला पणजीहून आलेला सत्यवानचा मुलगाही दोराला होता. मी होते. जाळं वाळूला लागलं तेव्हा ते ओढवेना, इतकं जड झालं होतं. सत्यवानने अर्धं जाळं उघडून मासा परत सोडायला लावला.

दुपारी तो आमच्या पडवीत आला. दोन्ही हातांत दोन टोपल्या, वर केळीची पानं झाकलेली. एक त्याने तात्यांच्या रिकाम्या खुर्चीजवळ ठेवली.

"ही तात्यांची."

"आणि ही?" मी विचारलं.

त्याने दुसरी टोपली खाली ठेवली आणि ओले हात लुंगीला पुसले.

"बोयाची," तो म्हणाला. "तेचा वर्ष अजून भरूक नाय."